पार्किंगच्या सूचनेखालची बातमी

ती बातमी मी छापली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सात महिने मी स्वतःला रोज हेच सांगत होते.

आमचं कॉलेज ओहायो नदीच्या काठी, टेकडीवर आहे. खालचा पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा तिथली निम्मी माणसं वर चढून आमच्याकडे शिकायला आली. कुणी वेल्डिंग, कुणी नर्सिंग, कुणी कारकुनी. दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. इथे नाव कमवायला कुणी येत नाही, हाताला काम मिळावं म्हणून येतात. मी तिथल्या माहिती कार्यालयात बावीस वर्षं आहे. दर गुरुवारी निघणारं बातमीपत्र माझ्याकडे. फ्लूची लस कधी, कुठल्या विद्यापीठाची माणसं प्रवेशाचं सांगायला येणार, सॉफ्टबॉलच्या पोरींनी कुणाला हरवलं, कुठे नोकरी निघाली, कुणाला मुलगी झाली, हे सगळं मी लिहायचं आणि सगळ्यांना ईमेलने पाठवायचं.

सगळ्यांना म्हणजे ज्यांच्यापुढे कॉम्प्युटर असतो त्यांना. सफाईवाल्यांपुढे नसतो. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, ते ट्वायला हचिन्सने आणलं. ती आमच्या इमारतीची सफाई बघायची. एक दिवस माझ्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली ओढत म्हणाली, "रोझलिंड, तुझं ते पत्र आम्ही कुठे वाचायचं गं? झाडूच्या दांड्यावर पडदा बसवून देतेस का?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. त्या आठवड्यापासून मी मोठ्या अक्षरांत एक प्रत छापायची आणि तळघरात, सफाईवाल्यांच्या डबा खायच्या खोलीत, हजेरीच्या यंत्राशेजारी टाचून यायची. नऊ वर्षं एकही गुरुवार चुकला नाही. खाली गेले की ट्वायलाबरोबर कॉफी व्हायची. ती मोठ्याने वाचायची आणि ओळीओळीवर शेरा मारायची. "गाड्या धुण्याचा कार्यक्रम, शनिवारी. म्हणजे पाऊस शनिवारी." असं.

ट्वायला माझ्याहून सहा वर्षांनी लहान, हे घडलं तेव्हा सत्तेचाळीसची. घरी म्हातारी आई, नवरा कधीचाच निघून गेलेला. कॉलेजच्या नोकरांना एका सत्रात एक विषय फुकट शिकता येतो. तिने तो नियम कोळून प्यायला. एका सत्रात एक, असं करत दहा वर्षांत दोन वर्षांची पदवी घेतली, तीही पहिल्या वर्गात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जुन्या शिंपल्यांचे खण होते, कुणी बघत नव्हतं. धूळ पुसता पुसता तिने बघायला सुरुवात केली. नदीतल्या शिंपल्यांची नावं पाठ केली. माकडतोंड्या, डुक्करखुरी, धुण्याची फळी, अशीच नावं आहेत त्यांची. खणांतल्या एकतीस चिठ्ठ्या चुकीच्या आहेत हे तिने शोधून काढलं. जीवशास्त्राचे लेनर्ट सर वर्गात एखादा शिंपला हातात घेऊन अडले, तर दारात डोकं काढून विचारायचे, "ट्वायला, हा कोण?" ती पुसणं न थांबवता सांगायची.

तिला पुढे शिकायचं होतं. चार वर्षांची पदवी, मग नदीवर काम किंवा शिकवणं. पण त्यासाठी चाळीस मैलांवरचं राज्य विद्यापीठ गाठायचं, तेही दिवसा. नोकरी सोडली तर आईच्या औषधांचा विमा जाणार. म्हणून सगळं अडलेलं होतं.

आणि मी? माझीही पदवी दोनच वर्षांची. कार्यालयप्रमुखाची जागा दोनदा निघाली, दोन्ही खेपांना माझ्या डोक्यावर सव्वीस-सत्तावीस वर्षांचं पोर येऊन बसलं. दोघांनाही काम मीच शिकवलं. डीन अ‍ॅम्सबॉ दोन्ही वेळा म्हणाले, "रोझलिंड, तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही, पण नियमात चार वर्षांची पदवी लिहिलीय." हे मी सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा मनात काय चाललं होतं ते कळावं म्हणून सांगते.

मार्चमधल्या एका सोमवारी राज्य विद्यापीठाकडून पत्र आलं. दर कम्युनिटी कॉलेजमधल्या एका कर्मचाऱ्याला दोन वर्षं तिथे शिकता येईल. आठवड्यातून तीन दिवस सुट्टी, नोकरी शाबूत, पगार शाबूत, विमा शाबूत. एका कॉलेजला एकच जागा. अर्ज बारा दिवसांत. कृपया आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना कळवावे.

खरं सांगते, पहिलं नाव तिचंच आलं मनात. खुर्ची सरकवून उठलेसुद्धा, खाली जाऊन तिला सांगायला. दारापर्यंत गेले. तिथे उभी राहिले. मग परत येऊन बसले.

त्या आठवड्याच्या बातमीपत्रात अठरा बातम्या होत्या. ही मी सतराव्या जागी टाकली, 'ब' पार्किंग डांबरीकरणासाठी बंद राहणार त्या सूचनेच्या खाली. वर शीर्षक दिलं: 'राज्य विद्यापीठाकडून आलेले परिपत्रक'. बावीस वर्षं मी लोकांनी वाचावं म्हणून शीर्षकं लिहिली आहेत. कसं लिहिलं म्हणजे कुणी वाचणार नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि त्या गुरुवारी मी खाली गेले नाही. छापण्याच्या यंत्राची शाई कमी होती. संपली नव्हती, कमी होती. पुढच्या आठवड्यात वसंताची सुट्टी, म्हणजे बातमीपत्रच नाही. सुट्टीच्या शुक्रवारी मुदत संपली.

सोमवारी ट्वायला भेटली तेव्हा म्हणाली, "काय गं, त्या गुरुवारी आलीच नाहीस? आम्हाला वाटलं तू आजारी."

"शाई संपली होती," मी म्हटलं.

"बरं झालं. त्या दिवशी माझ्याकडेही कॉफी नव्हती."

अर्ज दोनच आले. एक माझा, एक ग्रंथालयातल्या क्लाइडचा, त्याने शिफारसपत्रच जोडलं नव्हतं. एप्रिलमध्ये माझं नाव जाहीर झालं. कार्यालयात मोठा केक आणला, वर निळ्या साखरेने अभिनंदन लिहिलेलं. ट्वायला हातमोजे काढून आली आणि तिने मला घट्ट मिठी मारली.

"कमाल केलीस बाई! पण हे निघालं कधी?"

"मार्चमधल्या बातमीपत्रात होतं की."

काढलेले हातमोजे खिशात कोंबत ती म्हणाली, "असेल. मार्च सगळा आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या धावपळीत गेला. सांगितलं असेल कुणीतरी, माझ्या कानावरून गेलं असेल." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "असू दे. तुला मिळालं ना? आपल्यातल्या कुणाला तरी मिळालं."

केकचा घास तोंडात फिरत राहिला. मी तो कागदी रुमालात काढून टाकला.

ऑगस्टमध्ये मी विद्यापीठात जायला लागले. त्रेपन्नाव्या वर्षी, माझ्या मुलाहून लहान पोरांच्या शेजारी. बाकी विषय जमले, पण एक विज्ञान सक्तीचं होतं, प्रयोगासकट. मी जीवशास्त्र घेतलं आणि तीन आठवड्यांत गटांगळ्या खायला लागले. मग मला शिकवलं कुणी? ट्वायलाने. शनिवारी सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची, मी पियेरोगी, आमच्या बटाटा भरलेल्या करंज्या, तळायची, ती पेशींची चित्रं काढायची.

"हे बघ, ही भिंत. हा दरवाजा. आत काय घ्यायचं, काय नाही, हे दरवाजा ठरवतो. कळलं?"

"कळलं."

"नाही कळलं. तोंडावर दिसतंय. परत सांगते."

तिला कंटाळा येत नव्हता. उलट डोळे चमकत असायचे. माझ्या पुस्तकाची पानं ती अशी उलटायची, की जणू जेवणाची पानं मांडलीत. एकदा म्हणाली, "हे पुस्तक परत करायचं असलं की आधी मला दोन दिवस दे." मी मान हलवली. त्या रविवारी मी चर्चमध्ये पापाची कबुली द्यायच्या रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर यायच्या आधी बाहेर पडले. पाद्र्याला सांगून मोकळं होणं मला फार स्वस्त वाटलं. ज्याचं घेतलं त्याला सांगायचं सोडून तिसऱ्यालाच सांगायचं?

पण तिला सांगायचं धाडसही होत नव्हतं. छापलं होतं, छापलं होतं, असं म्हणत दिवस ढकलत होते.

ऑक्टोबरात मला शिंपल्यांवर एक टिपण लिहायचं होतं. ट्वायला म्हणाली, पुस्तकातून लिहू नकोस, चल दाखवते. नदीला मिळणाऱ्या ओढ्यात पाणी उतरलं होतं. तिने गुडघ्यापर्यंतचे बूट आणले होते, माझ्यासाठीही. पाण्यात वाकून ती जिवंत शिंपले दाखवायची, हात लावायची नाही. उचलायला कायद्याने बंदी आहे. तासभर आम्ही तशा फिरलो. मग काठावरच्या दगडावर बसून तिने थर्मास उघडला.

"लेनर्ट सर विचारत होते, या सत्रात कुठला विषय घेतलास," ती म्हणाली. "सांगितलं, नाही घेतला."

"का गं? दहा वर्षांत तू एकही सत्र सोडलं नाहीस."

"काय करायचं घेऊन?" ती पाण्याकडे बघत होती. "दहा वर्षं मी अशी एखादी जागा निघण्याची वाट बघितली, रोझलिंड. आणि निघाली तेव्हा माझं लक्ष नव्हतं. मी खालच्या सगळ्यांना विचारलं, तुम्ही वाचलं होतं का? कुणालाच आठवेना. म्हणजे आम्ही सगळे तसेच. समोर आलेलं दिसत नाही. मी डोळेसुद्धा तपासून घेतले, माहितीये? डॉक्टर म्हणाला, डोळे ठीक आहेत. म्हटलं, मग डोकंच गेलं असणार." आणि ती हसली.

तिचं ते हसणं मला सहन झालं नाही.

"तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "मी ते खाली लावलंच नव्हतं."

"म्हणजे तोच आठवडा? शाई..."

"होती शाई. मी मुद्दाम आले नाही. पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा तुझंच नाव आलं मनात. म्हणूनच आले नाही. बातमीपत्रातही पार्किंगच्या खाली टाकली, कुणी वाचू नये म्हणून."

ट्वायलाने थर्मासचं झाकण लावलं. एकदा लावलं, नीट बसलं नाही, परत लावलं.

"मला एकदा सांग," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "केकच्या दिवशी मी तुला मिठी मारली, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि शनिवारी तुझ्या घरी यायचे तेव्हा."

"हो. ट्वायला, मला काय वाटेल ते बोल. ओरड माझ्यावर."

"तुला बरं वाटावं म्हणून ओरडू?" ती उठली. "नाही ओरडत."

बूट न काढताच ती चढण चढून गेली. तिची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही तिच्याच गाडीतून आलो होतो. मी मोठे बूट घालून साडेतीन मैल चालत घरी आले. वाटेत दोन ओळखीच्यांनी गाडी थांबवली, मी बसले नाही.

सोमवारी मी डीन अ‍ॅम्सबॉंकडे गेले आणि सगळं सांगितलं. जागा सोडते, ट्वायलाला द्या, असंही म्हटलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"बातमी छापली होती ना?"

"हो, पण..."

"मुदतीच्या आधी?"

"हो."

"मग नियम मोडलेला नाही. आणि जागा मध्येच दुसऱ्याला देता येत नाही. तुम्ही सोडलीत तर ती वाया जाईल." मग म्हणाले, "रोझलिंड, काही गोष्टी उकरून काढू नयेत."

मी बाहेर आले ती आणखी खाली मान घालून. शिक्षा व्हावी म्हणून गेले होते, आणि त्यांनी मला चहा विचारला.

मी जागा सोडायला निघाल्याचं कुणीतरी ट्वायलाच्या कानावर घातलं. बुधवारी ती माझ्या टेबलापाशी आली. टोपली उचलली नाही. उभी राहिली.

"माझ्या नावाने हुतात्मा व्हायचं नाही," ती म्हणाली. "सोडलीस तर काय होईल? तूही अर्धवट, मीही अर्धवट. कुणाचं भलं? गप पुरं कर."

"मग मी करू तरी काय?"

"मला काही नको तुझ्याकडून." ती निघाली. दाराशी जाऊन वळली. "पण खालच्या लोकांना हवंय. आम्ही सफाईवाले, स्वयंपाकघरातल्या बायका, बाग बघणारे. तुझ्या मर्जीवर आमची बातमी नको. तू आलीस तर कळणार, नाही आलीस तर नाही, असं नको. ते कर."

ते मी केलं. सोपं गेलं नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत उभं राहून, का हवंय ते सांगावं लागलं, आणि मी लपवलं नाही. नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळनंतर महिनाभर कॉफीच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबायचं. क्लाइड तर माझ्याशी आजही बोलत नाही. शिफारसपत्र लागतं हेही मी छापलं नव्हतं म्हणे. पण ठराव झाला. नोकरीची किंवा शिक्षणाची कुठलीही संधी आली, की प्रत्येक विभागप्रमुखाने कामाच्या वेळेत आपल्या माणसांना जमवून ती वाचून दाखवायची आणि प्रत्येकाची सही घ्यायची. बातमीपत्र माझ्याकडून काढून घेतलं. मीच तसं सुचवलं होतं, तरी ज्या दिवशी दुसऱ्याने लिहिलेलं पहिलं पत्र आलं, त्या दिवशी मी ते उघडलं नाही.

मार्चमध्ये विद्यापीठाचं पत्र पुन्हा आलं. एका कॉलेजला एक जागा. या वेळी सगळीकडे वाचून दाखवलं. अर्ज अकरा आले. ट्वायलाचाही होता, लेनर्ट सरांनी शिफारसपत्र लिहिलं, चार पानी. मी रोज देवाला म्हणायची, एवढं एक होऊ दे, मग माझं काय करायचं ते कर.

जागा मिळाली स्वयंपाकघरातल्या इनेस बारागानला. तीन पोरांची आई, अन्नशास्त्र शिकायचं होतं तिला. चांगली बाई, लायक बाई. तिच्या नावावर कुणी बोट ठेवू शकत नव्हतं. मी ते वाचलं आणि टेबलाची कड धरून बसले. अकराजणांत ट्वायला मागे पडली होती. आदल्या वर्षी पत्र खाली लावलं असतं आणि मी स्वतः अर्ज केला नसता, तर ती आणि क्लाइडचा अपुरा अर्ज, एवढीच स्पर्धा होती. मी तिच्या हातचं काय काढून घेतलं, हे मला तोवर नीट कळलंच नव्हतं.

त्या दिवशी मी न राहवून तळघरात गेले. ठराव झाल्यापासून पहिल्यांदाच. ट्वायला एकटीच बसली होती, सफरचंद कापत.

"वाईट वाटतंय मला," मी म्हटलं.

"मलाही वाटतंय," ती म्हणाली. "सकाळी गाडीत बसून रडले. मग तोंड धुतलं. इनेसला जाऊन म्हटलं, पोरांचं काही अडलं तर सांग." तिने सफरचंदाची फोड तोंडात टाकली. "हरायची मला सवय आहे, रोझलिंड. पण या खेपेला मी हरले, माझं डोकं नाही हरलं. त्यात फरक आहे. तो तुला नाही कळायचा."

"कळतो."

"असेल." ती घड्याळाकडे बघून उठली. "चल, मला दुसरा मजला आहे."

मी पदवी पुरी केली. पदवीदानाला गेले नाही. कागद टपालाने आला, तो अजून पाकिटातच आहे. कार्यालयप्रमुखाची जागा तिसऱ्यांदा निघाली तेव्हा मी अर्ज केला नाही. लोकांना वाटलं, वय झालं म्हणून.

ट्वायलाने, इनेसला जागा मिळाली त्याच शरदात, पुन्हा एक विषय घेतला. विद्यापीठाचा, नव्यानेच सुरू झालेला संध्याकाळचा, आठवड्यातून एकदा चाळीस मैल जाऊन येऊन. तिच्या आईजवळ त्या संध्याकाळी इनेसची थोरली मुलगी बसते. एका सत्रात एक, या हिशेबाने ती एकोणसाठाव्या वर्षी पदवीधर होईल. हे तिनेच कुणाला तरी हसत सांगितलं, मी बाजूच्या टेबलावर होते.

आम्ही बोलतो. सकाळी नमस्कार होतो, कधी हवेबद्दल, कधी तिच्या आईच्या डोळ्यांबद्दल. शनिवारी ती येत नाही. तिने मला माफ केलं का, हे मी कधी विचारलेलं नाही. विचारलं तर तिला उत्तर द्यावं लागेल, आणि तिच्याकडून आणखी काही मागायचं नाही, एवढं मी ठरवलंय.